चहाचाच अर्क

सासरे गेल्यावर नेरे गावातलं आमचं शेत विकलं गेलं, तिथे कुणाचं तरी फार्महाऊस उभं राहिलं आणि सासूबाई आमच्याकडे नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. येताना एका फुटक्या बादलीत गुळवेलीचं कांडं रोवून आणलं होतं. वेल बाल्कनीच्या ग्रिलवर बघता बघता पसरली. घरात कुणाला कणकण वाटली, की त्या वेलीचा तुकडा ठेचून काढा करायच्या.

"घे गो, कडू हाय, पन गुन हाय," म्हणत पेला पुढे धरायच्या. मी नाक मुरडून प्यायचे.

त्या वर्षी माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. वजन तर आधीपासूनच वाढत होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्याजणी ग्रीन टी प्यायच्या. चरबी उतरते, हृदयाला चांगला, त्वचा उजळते, असं काय काय बोलायच्या. मीही आणला. पण दूधसाखरेच्या चहावर वाढलेल्या जिभेला तो काही रुचेना. मग एका मैत्रिणीने ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या. पुष्कळ कपांचा गुण एका गोळीत. मी ऑनलाइन मागवल्या आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायला लागले. लवकर गुण यावा म्हणून कधी संध्याकाळीही घ्यायचे. लपवाछपवी काही नव्हती. बाटली स्वयंपाकघरात, चहापत्तीच्या डब्याशेजारीच असायची.

वजन थोडं उतरलं. अंगात हुशारी आल्यासारखी वाटली. मी दोघीतिघींना त्या गोळ्या घ्या म्हणून सांगितलंसुद्धा.

पुढे जेवणावरची वासना गेली. मळमळायला लागलं, लघवी गडद व्हायला लागली. एकदा वर्गातल्या मुलीच म्हणाल्या, "बाई, तुमचे डोळे पिवळे दिसतायत." रक्त तपासलं तर यकृताला सूज. मला ॲडमिट केलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं, काढे, झाडपाला घेता का?"

मी म्हटलं, "सासूबाई गुळवेलीचा काढा देतात."

कॅप्सूलचं सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. तो चहाच होता ना. डॉक्टर म्हणाले, गुळवेलीनेही काहींच्या यकृताला त्रास होतो, काढा ताबडतोब बंद करा.

नवरा शेजारीच उभा होता. घरी जाऊन तो आईला काय बोलला ते मला कधी नीट कळलं नाही. एवढंच कळलं, की सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी ग्रिलवरची वेल सोडवली, मुळासकट उपटली आणि दुसऱ्या दिवशी त्या नेऱ्याला भावाकडे निघून गेल्या. दवाखान्यात त्या मला भेटायला आल्या नाहीत. मला राग आला होता. सुनेला आजारी पाडलं आणि तोंडही दाखवत नाहीत, असं माझ्या मनात आलं होतं.

दवाखान्यात कॅप्सूल नव्हत्या, त्यामुळे मी सुधारत गेले. सगळ्यांना वाटलं, काढा बंद झाला म्हणून. घरी आले, थोडी ताकद आली आणि मी बाटली पुन्हा उघडली. आजारपणात वजन वाढू नये, एवढाच विचार होता. डोळे परत पिवळे झाले.

या वेळी डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं, "घरात ह्या जे जे तोंडात टाकतात, ते सगळं घेऊन या." पिशवीतून ती बाटली निघाली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून?"

"बरेच महिने. पण तो ग्रीन टीच आहे, डॉक्टर."

"कपातला चहा प्या, माझी हरकत नाही. कोलेस्टेरॉल किंचित उतरतं, वजनालाही थोडी मदत होते म्हणतात. पण हा दाटवलेला अर्क आहे. रिकाम्या पोटी, एवढ्या मात्रेत काहींचं यकृत तो सोसत नाही. तुमचं दोनदा सोसलं नाही."

घरी आल्यावर मी ती बाटली कचऱ्यात टाकली.

बरं वाटल्यावर मी नेऱ्याला गेले. मामेसासूबाईंनी दारातच सांगितलं, "आली तवापासून चुलीपाशी जात नाय. चहा कर म्हटला तरी नको म्हनते."

सासूबाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. काढ्याचं नव्हतं, माझ्या गोळ्यांचं होतं, आणि मी त्यांचं नाव घेतलं होतं.

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माज्याच हातानं तुला इख गेला, आसा धरून बसलेली मी. दवाखान्यात कुठल्या तोंडानं येऊ?"

"आई, तुम्ही रागवा माझ्यावर."

"कशाला? तुला तरी कुठं माहीत व्हता?" त्यांनी माझी हनुवटी वर करून डोळे उजेडाकडे वळवले. "आता पांढरे हायत," म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

त्याच दुपारी त्या माझ्यासोबत परत आल्या. नवऱ्याने त्यांच्यापुढे मान खाली घातली. माझे रक्ताचे रिपोर्ट हळूहळू नॉर्मल आले. ज्यांना गोळ्या सांगितल्या होत्या त्यांना मी फोन करून थांबवलं; एकीने ऐकलं, एकीने हसण्यावारी नेलं.

सासूबाई स्वयंपाक करतात, पण पूर्वीसारख्या नाही. साध्या वरणात हिंग घालायचा असला, तरी माझ्याकडे बघून विचारतात, "टाकू ना गो? चालंल ना तुला?" मी दर वेळी हो म्हणते. त्या तरीही चिमूट हातात धरून क्षणभर थांबतात.