खांद्यावरचा काटा

उत्कर्षा गेली आणि वर्षाच्या आत ह्यांनी एका किड्याला तिचं नाव दिलं. माझं डोकंच फिरलं. एवढी देखणी पोर, खराडीला नोकरीला, डेंग्यूनं आठवडाभरात गेली, आणि बापाला सुचलं काय, तर भुंगेरा. "अहो, एखाद्या झाडाला तरी द्यायचं होतंत," म्हटलं. तर म्हणाले, "झाडं माझा विषय नाही."

आमचे रावसाहेब असेच. सगळा जन्म एका संस्थेच्या कीटकसंग्रहात लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांच्या जाती वेगळ्या करण्यात गेला. मला मेले सगळे एका आईचे वाटत. आंब्याचं खोड पोखरतो त्या भिरुडाचे ठिपके नारिंगी आणि पंखांच्या दोन्ही खांद्यांवर काटा. येरवड्याला उंबराखाली ह्यांना जो मेलेला सापडला, त्याचे ठिपके पांढरे आणि खांदे बिनकाट्याचे. तेवढ्या एका नगावर नवी जात म्हणून छापून मोकळे झाले.

पुढे परदेशात कुणी त्या किड्याबद्दल लिहिलं की हे मला वाचून दाखवायचे. पोरीचं नाव आलं की मी भाजी निवडायची थांबायचे. तिचं लग्न नाही, मूल नाही. दुसऱ्या कुणाच्या तोंडी तिचं नाव यायला ती एकच जागा उरली होती.

परवा नम्रता आली, विश्रांतवाडीला आमच्या घरी. ह्यांचीच विद्यार्थिनी, आता त्या संग्रहाची प्रमुख. चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "सर, येरवड्याचा तो नग भिरूडच आहे, नवी जात नाही. मेल्यावर ठिपके पांढरे पडतात, हे तुम्हीच शिकवलंत. आणि काटे मोडलेत. बुडखे दिसतात."

"आमच्या मरणापर्यंत थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं?" मी म्हटलं.

"पाहायला हवं," हे म्हणाले.

पाहणार कशानं? साखरेनं डोळ्यांचे पडदे गेलेले. तरी रिक्षा करून तिच्याबरोबर संग्रहात गेलो. ह्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, चाक फिरवत राहिले, मग उठून मला तिथं बसवलं.

"कौशल्या, तू सांग. मुळात काटा नसेल तर खांद्याची चकाकी अखंड असते. मोडला असेल तर तिथं खरबरीत दिसेल."

"नम्रतानं पाहिलंय ना?"

"तू सांगशील ते धरीन."

नम्रता खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी वाकून पाहिलं. काळ्या चकचकीत खांद्यावर खरबरीत बुडखा होता. दुसऱ्या खांद्यावरही. मी चकाकी अखंड आहे म्हटलं असतं तर विषय संपला होता. ह्यांना तेच ऐकायचं होतं, तोंडावर लिहिलेलं होतं. पण पोरीचं नाव खोट्यावर उभं ठेवायचं, ते माझ्याच्यानं होईना.

"मोडलेत," म्हटलं. "दोन्हीकडचे."

हे टेबलाचा काठ चाचपत खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "नम्रता, लिहून टाक."

"आणि नाव?" मी विचारलं.

"खोडत नाहीत. भिरुडाच्या नावाखाली राहतं, बारीक अक्षरात."

"चूक म्हणून."

"हो."

परतताना रिक्षात ह्यांनी माझा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी धरला नव्हता. "मला दिसलं असतं ना," म्हणाले, "तर मी काटा नव्हताच म्हणून सांगितलं असतं."