नापलाचा शिबीन

नापला माझी सख्खी धाकटी बहीण. आयर्लंडातल्या आमच्या अख्ख्या कोनेमारात तिच्या तोडीची दुसरी दाखवा, मी मिशी उतरवतो. मी चार बुकं शिकलो, ती एकही नाही. पण इंग्रजांच्या कोर्टात इंग्रजीला आडवं पाडलं ते तिनं.

नवरा समुद्रात बुडाला तेव्हा ती सव्वीसची. जव आंबवायचे, हातभट्टी लावायची, चुलीपाशी गिऱ्हाईक बसवायचं, हे तिनं कुणाला विचारून केलं नाही. वीस वर्षं पोलिसांच्या हाती थेंब लागला नाही. मग एकदा फौजदार कुलिनन झडतीला आला. तेव्हाही काही मिळेना, म्हणून त्यानं आमच्या आयरिश भाषेत विचारलं, "बाई, तुझ्याकडे शिबीन आहे?"

"आहे की. आईचाच आहे."

झालं! कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं. इंग्रजीत शिबीन म्हणजे चोरटा दारूचा गुत्ता. जमीनदाराच्या कारभाऱ्यानं लगेच बजावलं, गुन्हा शाबीत झाला की घर खाली करायचं.

कोर्टाच्या पायरीवर मी म्हटलं, "तू गप बस. मी बोलतो."

"दादा, तू बोललास तर घर जाईलच, वर फाशीही होईल."

आत दुभाष्यानं विचारलं, "शिबीन चालवतेस, कबूल?"

नापलानं शालीखालून मातीचा छोटा पेला काढला आणि न्यायाधीश साहेबापुढे ठेवला. "हा बघा शिबीन. शेबे म्हणजे पेला, शिबीन म्हणजे इवलासा पेला. गिरणीवाला दळणातला आपला वाटा असल्याच मापानं घ्यायचा. पुढं पातळ बियरला शिबीन म्हणायला लागले, नंतर ती मिळते त्या घराला. शब्द आमचा, साहेब. तुम्ही तो आमच्या चुलीवरून उचलून नेलात, गुन्हा करून परत आणलात, आणि शिक्षा मला?"

दुभाष्याला हे सांगताना घाम फुटला. साहेबानं पेला हुंगला. "यातून काय पाजतेस?"

"ताक. फौजदारांनाच विचारा, नाताळात दोनदा मागून प्यालेत."

कुलिनन लालबुंद. ताक नव्हतं म्हणावं तर नोकरी जाते.

"ताकच होतं, साहेब," तो पुटपुटला.

कोर्ट हसून लोळलं. खटला फेटाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान हलत नव्हतं. असल्या दिवशी कुणी भट्टी लावत नाही, धूर खांबासारखा उभा राहतो आणि चौकीवरून दिसतो. नापलानं लावली.

"अगं, वारा नाही आज!"

"म्हणूनच लावली, दादा."

कुलिनन दोन शिपाई घेऊन टेकडी चढू लागला. तेवढ्यात शेजारच्या मोरीननं चुलीत ओलं जळण कोंबलं. मग तिच्या जावेनं. मग खालच्या आळीनं. बघता बघता गावातल्या चाळीस घरांवर चाळीस खांब उभे राहिले, आणि कुठला धूर भट्टीचा न् कुठला चुलीचा ते न कळून फौजदार तिठ्यावर टोपी हातात घेऊन नुसता बघत राहिला.