बल्बखालची पिल्लं

हरसूलच्या बाजारात पाटीतल्या पिल्लांचा ऊबदार वास आला आणि सातपूरची आमची खोली आठवली. मी लहान होते तेव्हा माझा धाकटा भाऊ जन्मतःच गेला होता. आई अंथरुणातून उठत नव्हती, बोलतही नव्हती. बाबांनी खोक्यात बल्ब लावून कोंबडीची अंडी उबवायला ठेवली.

"मी कंपनीत जातो. तू अंडी फिरवत राहशील?" त्यांनी आईला विचारलं.

आईने उठून अंडी फिरवली. मग रोजच उठू लागली. एका सकाळी कवच तडकलं आणि ओलं पिल्लू बाहेर आलं. आईने मला जवळ ओढलं. "बघ, कसं थरथरतंय."

मला तेव्हा फक्त पिल्लूच दिसलं.

आज घरी येऊन बाबांना विचारलं, "ती अंडी कशाला आणली होती?"

"तुझ्या आईला उठवायला," ते म्हणाले.

मी त्यांचा हात बराच वेळ धरून बसले.