घरचं उदाहरण

सरांनी ‘दारू’ म्हटलं आणि मी उभी राहिले. माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. वर्ग खदखदून हसला.

सर म्हणाले, “बघा, घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं ना, ते हेच. अभिसंधान.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते. वर्गात बौद्धांच्या घरची मी एकटीच. व्यसनाचा विषय निघाला की सर मला उठवायचे. “वस्तीत रोज बघत असशील, सांग.” मी काहीबाही सांगायचे. नाही म्हणता येतं, हे सुचायचंच नाही. आणि आता कुणी न उठवताच उठले. एवढं शिकवून ठेवलं होतं मला.

त्याच तासाला सरांनी प्रत्येकाला एका व्यसनी माणसाचा अभ्यास लिहून आणायला सांगितला. त्याशिवाय प्रात्यक्षिकात पास नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “तुला लांब जायला नको. घरीच बाप मिळेल.”

माझे वडील, आबा, रस्त्यावर डांबर टाकायच्या कामाला. सोनगीरच्या आमच्या विहारात पंचशील तेच म्हणवून घ्यायचे. दारू पिणार नाही, हे पाचवं शील जरा जास्तच मोठ्यानं म्हणायचे.

संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगितलं. आबा पायाचं डांबर रॉकेलनं पुसत होते. हातातला बोळा खाली ठेवला. मग म्हणाले, “मी पेत नही, वस्तीमा बठ्ठासले माहीत शे. लिखी दे मनं नाव. तुनं वरीस वाया नको जावाले.”

रडूही आलं नाही, इतकी थकले होते. सरांनी मला उठायला शिकवलं, ते एक वेळ समजलं. पण सगळ्या वस्तीला माहीत असलेलं खरं सोडून, ज्यांना कधी पाहिलंही नाही त्या सरांपुढं आबाही वाकायला तयार झाले, हे सोसेना. पुस्तक उघडलं. निदानात लक्षणं दिली होती. मात्रा वाढत जाणं. दारू सुटली की हात थरथरणं. ताबा जाणं. जात कुठंच नव्हती.

सकाळी एस.टी.नं धुळ्याला गेले.

“आणलंस?” सरांनी विचारलं.

“नाही. माझे आबा पीत नाहीत.”

“मग वस्तीतला दुसरा कोणी आण.”

“वस्तीतला कोणीच आणणार नाही.”

“नापास होशील.”

“होईन.”

झालेही. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच सरांपुढं जाऊन बसले. जीव दमतो, खोटं कशाला बोलू. पण दमून घरी बसणार नाही. आणि माझ्या माणसांचं निदान नुसतं आडनाव ऐकून यापुढं कुणालाही करू देणार नाही.