होडीत लावलेली सदाफुली

आमच्या पप्पांनी एका चांगल्या धडधाकट होडीला बारा भोकं पाडली. पट्टी लावून, पेन्सिलीने खुणा करून, एकदम सरळ रेषेत.

(आणि मी त्याचा व्हिडिओ काढला. म्हणजे पुरावासुद्धा घरचाच!)

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमचं घराणं समुद्री चाच्यांचं आहे. आम्ही साताऱ्याकडचे. पप्पा मार्केटमध्ये माथाडी, सगळं आयुष्य कांद्याच्या गोण्यांखाली गेलं. राहतो नेरूळला, सारसोळे गावच्या जेट्टीपासून चालत सात मिनिटांवर. इथं वीस वर्षं झाली, पण आमच्या घरात अजून पाणी म्हणजे एकतर विहिरीचं नाहीतर नळाचं. खाडी म्हणजे काय, तर वास आला की खिडकी लावायची!

पण मला ना, गेल्या वर्षी त्या जेट्टीचं वेड लागलं. एका बाजूला खारफुटी, समोर पाणी, संध्याकाळी असला भारी उजेड, आणि बसायला जागा कुठली? तर डेब्रिजच्या ढिगाऱ्यावर! प्लास्टिक, फुटक्या टाइल्स, कोणाचा तरी कमोड. मी म्हटलं बस्स, आता आपणच करायचं. सोसायटीत 'जेट्टी जोश' नावाचा ग्रुप काढला. दोन रविवारांत आम्ही तो कोपरा असा चकाचक केला की भटकी कुत्री बावचळली. कमोड मात्र कोणी उचलेना. शेवटी पप्पांनी उचलला, पाठीवर, कांद्याच्या गोणीसारखा.

आणि मग त्या साफ झालेल्या कोपऱ्यात मला ती दिसली. होडी! लाकडी, छोटी, पालथी पडलेली. वर फाटकी ताडपत्री, बाजूने गुडघ्याएवढं गवत, खाली कुत्रीची चार पिल्लं.

"पप्पा! हिच्यात बाग करूया! होडीत फुलझाडं! लोक फोटो काढायला येतील!"

पप्पांनी होडीवर टकटक केलं, जसं कलिंगडावर करतात. "लाकूड बेष्ट हाय. कुणाची हाय पर?"

"टाकून दिलीय हो कोणीतरी. बघा ना गवत किती!"

तरी मी रीतसर विचारलं हां! ग्रुपवर फोटो टाकला, 'ही होडी कोणाची आहे का?' दोन दिवस वाट पाहिली. बारा अंगठे आले, तीन नमस्कार आले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी 'गुड मॉर्निंग' टाकलं. हरकत कोणाचीच नाही. (त्या ग्रुपमध्ये सारसोळे गावातलं एकही माणूस नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. नंतर. खूप नंतर.)

पाऊस चार दिवस सुट्टीवर गेला आणि आम्ही कामाला लागलो. पप्पांनी दोस्ताकडून बॅटरीवाली ड्रिल आणली.

"पप्पा, ड्रिल कशाला?"

"कुंडीला भोक नको व्हय? पाणी साचलं तर मुळं कुजत्यात." शेतकऱ्याचा मुलगा शेवटी! होडी पालथीच होती, त्यामुळे काम सोपं. घुर्रर्र, एक. घुर्रर्र, दोन. माझा व्हिडिओ चालूच. बारा झाल्यावर पप्पा दोन पावलं मागे जाऊन बघतात तर काय रेष, काय रेष! "दोरी लावल्यावानी आली का न्हाई?"

मग मला वाटलं, रीलमध्ये आपणपण दिसायला पाहिजे. पप्पा चहाला गेल्यावर मी गॉगल लावला, केस मोकळे सोडले, मोबाईल विटेवर टेकवला आणि ड्रिल हातात घेऊन फक्त दोन सेकंद पोज दिली. दोनच सेकंद! ती ड्रिल सटकली आणि होडीच्या मागच्या टोकाला, बाजूच्या फळीत, घुर्रर्र. वाकडं भोक. पप्पांच्या रेषेचा पार अपमान. मी पटकन तोंडातलं चुइंगम त्यात कोंबलं, आणि रंगकाम सुरू झाल्यावर वरून नारिंगी स्टारफिश काढला. विषय संपला. मी विसरूनपण गेले.

सोसायटीतल्या आठ जणांनी मिळून होडी उताणी केली. पिवळा रंग, निळ्या लाटा, आणि एक डॉल्फिन, जो आईच्या मते भरताचं वांगं होता. दूर शेडमध्ये गावातले दोन म्हातारे जाळं शिवत बसलेले. त्यांनी आम्हाला हात केला. आम्ही पण हात केला. मला तर भरूनच आलं, बघा गावाचा पाठिंबा! मग माती, शेणखत, सदाफुली, झेंडू, आणि आईच्या हट्टाने टोकाला गवती चहा.

पाचव्या दिवशी मी पाणी घालत होते तेव्हा एक मावशी आल्या. डोक्यावर बोचकं, अंबाड्यात अबोली. उभ्याच राहिल्या. बघतायत, बघतायत.

मी खूश. "मावशी, कशी वाटली?"

"बरी हाय." बोचकं खाली ठेवलं. "कोनी केलं गो हे सगळा?"

"आम्ही! म्हणजे आयडिया माझी."

"आनि होरी कोनाची?"

"कोणाची नाही हो मावशी, बेवारस! भंगारात पडलेली."

मावशी होडीभोवती एक चक्कर मारून आल्या. सदाफुलीचं एक पान चिमटीत धरलं, सोडलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "भंगार नाय गो पोरी. पावसान मासेमारी बंद, म्हनून होरी झोपलीवती. माजीच हाय."

माझ्या हातातली झारी तशीच वाहत राहिली. माझ्या चपलेवर.

त्या हिरामावशी. मुलीच्या बाळंतपणासाठी नवऱ्याला घेऊन उरणला गेलेल्या, तीन आठवड्यांनी आज परत आलेल्या. पावसाळ्यात खाडीवरचे सगळे लोक होड्या वर काढून पालथ्या घालतात, वर ताडपत्री टाकतात आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात सोडतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. फक्त ते पोर साताऱ्याचं नको.

तेवढ्यात त्यांचे यजमान, धर्माकाका, मागून आले. होडीत वाकून मातीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. आणि हात तिथेच थांबला.

"हिरा," काका म्हणाले, "हिला भोका हायेत."

शेडमधले म्हातारे धावत आले. "आमाला वाटला धर्मानीच रंगाला दिली!" म्हणजे तो पाठिंबा नव्हता. ते नुसतंच हाय-हॅलो होतं.

"पुनव नव दिवसांवर आली," हिरामावशी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! "त्या दिशी होरी पान्यान गेली की दुसऱ्या दिशी मासली. दोन म्हयने घरान बसून खाल्लाय आमी. दुसरी होरी नाय आमचेकडं."

मी घरी पळत गेले. पप्पा जेवत होते. सांगितलं. पप्पांनी घास खाली ठेवला.

"बारा भोकं पाडली गं मी. बारा! येक पाडून थांबलो आसतो तरी..."

"मी सांगत होते," आई म्हणाली, "कुंड्या आणा म्हणून. बाजारात तयार मिळतात, भोकासकट."

पप्पा तसेच उठले, उष्ट्या हाताने जेट्टीवर. धर्माकाकांसमोर उभे राहिले. माथाडी माणूस, भाषण येत नाही. म्हणाले, "काका, पाडली मी, बुजवनार बी मीच. तुमी निस्तं सांगा कसं."

काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठले तुमी?"

"साताऱ्याचे."

"तरीच," काका म्हणाले. एवढंच. पण मावशी फस्सकन हसल्या, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा श्वास आला.

पुढचे आठ दिवस 'जेट्टी जोश'चा खरा जोश! सोसायटीवाले पाट्यांनी माती काढतायत, शेडमधले म्हातारे खुर्च्या टाकून चुका काढतायत. काकांनी सागाच्या बारा खुंट्या तासल्या. प्रत्येक खुंटीला राळ आणि तेलात भिजवलेला कापूस गुंडाळायचा आणि मग ठोकायची. कापूस संपला तर आईने देवाच्या वातींचा अख्खा पुडा आणून दिला. "देवाला सांगितलंय मी," म्हणाली, "आठवडाभर एकाच वातीवर भागव, आमच्या घरात शहाणे जास्त झालेत." पप्पा कामावरून आले की थेट होडीपाशी. एकेक खुंटी स्वतः ठोकायचे आणि खडूने नंबर टाकायचे. होडीतून काढलेल्या सदाफुल्या आम्ही गावातल्या दारादारांत वाटल्या. आणि त्या निमित्ताने मला पहिल्यांदा कळलं की जेट्टीवर जाळी सुकवायला जागा लागते, बाकडं सावलीत लागतं, आणि रात्रीचा दिवा तीन वर्षं बंद आहे. हे सगळं सांगायला गाव तयारच होतं. आम्ही विचारलं होतं का? आम्ही तर अंगठे मोजत होतो!

"रंग खरवडू का मावशी?" मी विचारलं.

"र्‍हाऊ दे. ते वांगं छान हाय."

आदल्या दिवशी काकांनी विचारलं, "मोजल्या ना सगल्या?"

"बाराच्या बारा!" मी म्हणाले. मी खोटं बोलले नाही, शपथ. पप्पांची बाराच होती!

नारळी पौर्णिमा. बेंजो वाजतोय, बायका काष्ट्याच्या लुगड्यात, सोनेरी कागदाचा नारळ मिरवत जेट्टीवर आला. मावशींनी होडीला हळदकुंकू लावलं आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, बसा. तुमीच ठोकल्यात खुट्या, तुमीच पयले."

पप्पा! आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात न गेलेला माणूस! दोन्ही हातांनी होडीचा काठ असा धरून बसले की होडी बुडाली असती तरी काठ वर राहिला असता. आई ठेवणीतली पैठणी नेसून मधे. पुढे मावशी नारळ घेऊन, मागे काका वल्हं मारत, आणि त्यांच्यापुढे, शेवटच्या फळीवर, मी. मोबाईल चालू, अर्थात. होडी तरंगली! जेट्टीवरून सगळी सोसायटी आणि सगळं गाव ओरडलं. मी रडले. फिल्टर लावून रडले, पण खरं रडले.

"आगं," आई म्हणाली, "माझा पदर ओला का लागतोय?"

सगळ्यांनी खाली बघितलं. पाणी! थोडंसं, पण पाणी.

"कुठची खुटी सुटली?" काका.

"माझी एक बी न्हाई सुटली!" पप्पा भडकले. भीतीबिती विसरले, खाली वाकून एकेक खुंटी अंगठ्याने दाबत सुटले. "येक पक्की! दोन पक्की! तीन..." बारापर्यंत गेले. सगळ्या कोरड्या ठणठणीत. "मग हे येतंय कुठनं?"

माझ्या पायाच्या घोट्याला काहीतरी चिकटलं. मी बघितलं.

गुलाबी होतं. चुइंगम.

शेवटच्या फळीखाली, अंधारात, एक बारीक कारंजं उडत होतं. मी पटकन त्याच्यावर टाच ठेवली आणि दाबली. कारंजं बंद. बेंजो तेवढा लांब वाजतोय.

"हे तेरावा भोक कोनाचा?" धर्माकाकांनी विचारलं.

"ते..." मी म्हणाले, "ते रीलसाठी होतं."

पप्पांनी डोळे मिटले. आईने पदर पिळला, माझ्याकडे बघत, हळूहळू. आणि हिरामावशी? त्या हसायला लागल्या. नारळ हातात, आणि असं हसतायत की होडी हलतेय. "परत फिरायचा?" काकांनी विचारलं.

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "टाच हाय ना! टाच काडू नको गो पोरी!"

आणि मी नाही काढली. नारळ पाण्यात गेला तेव्हा सगळे हात जोडून उभे, मी बसलेली. होडी खारफुटीला वळसा घालून आली, मी बसलेली. जेट्टीवर ग्रुप फोटो निघाला, त्यातही सगळे उभे आणि कोपऱ्यात, होडीतच बसलेली मी, एक पाय ताठ.

संध्याकाळी काकांनी तेरावी खुंटी ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात मावशींनी बोईट माशांचा वाटा आणून ठेवला. आईने ते कसे साफ करायचे हे मावशींकडूनच शिकून घेतलं.

जेट्टीचा कोपरा आता बघायला या तुम्ही. गावाने एक खरीखुरी मेलेली होडी दिली, मावशींनी स्वतः तीनदा ठोकून, 'हो, मेली' म्हणून सांगितल्यावरच आम्ही तिला हात लावला. तिच्यात सदाफुली आहे, गवती चहापण. बाजूला जाळी सुकवायचे बांबू, सावलीत बाकडं, आणि ग्रुपमध्ये निम्मं सारसोळे. दिवापण लागला!

परवा दिव्याच्या वेळी महापालिकेचे एक साहेब पाहणीला आलेले. वही काढली, सगळीकडे बघितलं, खूश झाले. "या उपक्रमाचं नेतृत्व कोणी केलं?"

मी केस नीट केले. एक पाऊल पुढे टाकलं. पण माझ्याआधी शेडमधून हिरामावशी ओरडल्या:

"ती काय, तिकडं! आमची बूच!"

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. आडनाव विचारलं नाही.