नेल्डाची अर्धी रेकॉर्ड

"त्या कंपनीवाल्यानं इचारलंच न्हाई, आत्या. मंग मी कशाला सांगू?"

"आगं पन ह्यात गानंच न्हाई! दोन्ही बाजू ऐकल्या. चाल कुटं हाय?"

"चाल डेल्मसची हाय. ती मी कशी गाऊ?"

ऑपल आत्यानं कपाळाला हात लावला. तिच्या स्वयंपाकघरात डुकराच्या हाडाबरोबर घेवडा रटरटत होता आणि ग्रामोफोनवर नेल्डा स्टॅम्परची पहिली सोलो रेकॉर्ड फिरत होती. वेष्टणावर नेल्डा अनवाणी, एका विहिरीला टेकून. ती विहीर आमच्या केंटकीतली नव्हेच, नॅशव्हिलच्या कुणा पैसेवाल्याच्या बागेतली. आणि अनवाणी म्हणाल, तर आंघोळ सोडता नेल्डाच्या पायातले बूट आम्ही तरी निघालेले पाहिले नव्हते.

ह्या घरातली रीत सांगायला हवी. स्टॅम्परांच्यात बाप पोरांना आवाज वाटून देतो, जसं कुणी जमिनीचा तुकडा वाटून देतं. आर्व्हिल म्हाताऱ्यानं थोरल्या पोराला, डेल्मसला, चाल दिली आणि पोरीला, नेल्डाला, वरची जोड. डेल्मस गाणं ओढत न्यायचा आणि ही त्याच्या वरून, पाखरानं बैलाच्या पाठीवर बसावं तशी, आपला वेगळा सूर धरून जायची. मयताला, लग्नाला, तंबाखूच्या कोठारात, सगळीकडे तसंच. माणूस जिवंत असताना त्याचा आवाज दुसऱ्यानं घ्यायचा नाही. घेतला तर ते त्याच्या ताटात जेवल्यासारखं.

अशात जत्रेत फॅन्शर नावाचा कंपनीचा माणूस आला. पांढरे बूट, केसांना इतकं तेल की त्यात बटाटे तळावेत. दोघांचं ऐकून म्हणाला, "पोरगी पाहिजे. भाऊ नको. भावाचं तोंड बघून कोण रेकॉर्ड घेणार?" हे डेल्मससमोरच. डेल्मस उठला, गिटार पेटीत घातली आणि ट्रक घेऊन निघून गेला. नेल्डा मात्र रेकॉर्ड करायला नॅशव्हिलला गेली. तिला जायचंच होतं. नवरा सोडलेला, शिवणाच्या कारखान्यात मान मोडून जगणं चाललेलं. ती काही गरीब गाय नव्हती.

तिथं काचेच्या खोलीत उभी करून म्हणाले, गा. तिनं बापाची गाणी गायली, पण स्वतःच्या वाट्याची. चालीची जागा रिकामी. बापाची गाणी आमच्या डोंगराबाहेर कुणी ऐकलेलीच नव्हती, तेव्हा त्या शहाण्यांना वाटलं, हेच गाणं. वर व्हायोलिनांचा ताफा ओतून दिला.

आणि रेकॉर्ड चालली की! पेपरात छापून आलं, काय ही विचित्र, उदास चाल, जणू कुणाची तरी वाट बघतेय. वाट बघतेय म्हणे! बघणारच, बैल नाही तर पाखरू बसणार कुठं? आमच्या गावाचं तर विचारूच नका. आधी पोट धरधरून हसले. पेपरात आल्यावर तेच म्हणायला लागले, "आमाला पयल्यापास्नं म्हाईत होतं, पोरीत काय तरी हाय." उपदेशकानं तिला चर्चमध्ये आधी कधी पुढं उभी केली नव्हती, त्यानंही तिच्यासाठी पुढची बाकं पुसून ठेवली.

एकट्या डेल्मसनं रेकॉर्ड ऐकली नाही. त्याच्या लेखी बहिणीनं त्याचा आवाज चोरून बाजारात विकला होता. कुणी विषय काढला की तो उठून जायचा. नेल्डा परत आलेली, घर शेजारीच, पण बहिणीशी एक शब्द नाही. आत्या नेल्डाला म्हणाली, "सांग की त्याला, चाल घेतली न्हाई म्हनून."

"मी का सांगत फिरू? त्याला कान हायेत. ऐकंल तवा ऐकंल."

"आन न्हाईच ऐकली तर?"

नेल्डा उठून आपल्या घरी निघून गेली. रात्री भावाच्या पडवीत दिवा लागला की ही आपल्या पायरीवर येऊन बसायची, हे मात्र आम्हाला दिसत होतं.

थंडी पडली, मग धुकं आलं आणि कोठारात टांगलेली तंबाखू नरम झाली. अशा हवेत पानं हाताला मऊ लागतात. हवा कोरडी पडली की चुरा होतो. म्हणून त्या दिवशी भांडणं असोत की बाळंतपण, सगळ्यांनी बाकाला उभं राहून पानं खुडायची. खालची पानं आत्या खुडायची, मधली नेल्डा, शेंड्याची डेल्मस. पानांचे दांडे, म्हणजे ताटं, नेल्डाकडून डेल्मसकडं जायची. तो तिच्याकडं न बघता घ्यायचा.

आणि त्यात हा फॅन्शर मोटार घेऊन हजर. "नेल्डाबाई, दौरा ठरलाय, चला."

"पान नरम आलंय. जमायचं न्हाई."

त्याला काही कळलं नाही. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला म्हणून त्यानं पेटीतला ग्रामोफोन काढला, कोळशाच्या शेगडीशेजारी ठेवला आणि रेकॉर्ड लावली. डेल्मसचा चेहरा दगडासारखा झाला. पण जाणार कुठं? हातात ताट, मागं ढीग, बाहेर धुकं विरत चाललेलं.

पहिलं कडवं झालं. डेल्मसचे हात थांबले. दुसऱ्याला त्यानं मान वर केली. तिसऱ्याला त्याच्या घशातून चाल निघाली. जाड, खरखरीत, वर्षभराचा गंज चढलेली, आणि रेकॉर्डखाली अशी बसली की आत्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"ओ, गप बसा!" फॅन्शर ओरडला. "गाण्याचा सत्यानाश करताय!"

"आरं मुडद्या," आत्या म्हणाली, "तेच गानं हाय!"

"मग हिनं काय गायलंय?"

"माजा वाटा," नेल्डा म्हणाली.

फॅन्शर एकदा ग्रामोफोनकडं, एकदा डेल्मसकडं बघायला लागला. पुऱ्या मालाचे पैसे देऊन अर्धाच माल घेऊन आलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मग धंद्याचा माणूस जागा झाला. म्हणाला, "हे कुणाला सांगू नका." आत्यानं त्याला दार दाखवलं.

मोटारीचा आवाज विरला. शेंड्याच्या पानांची जुडी एका पानानं बांधता बांधता डेल्मस म्हणाला, "तिसऱ्या कडव्याला लयीच्या पुढं पळालीस."

"धराया कोन व्हतं?"

"आन ती व्हायोलिनं कसली? मांजरं चिरडल्यागत."

"ती माजी न्हाईत."

"बरं." त्यानं हात पुढं केला. "बघतीस काय? ताट दे. हवा कोरडी व्हाया लागलीया."

नेल्डानं मधली पानं खुडली, ताट त्याच्या हातात दिलं आणि पुढचं उचललं.