आबांच्या ब्रेकांना खोबरेल

ब्रेकना खोबरेल तेल लावणारी बाई अख्ख्या डिचोली तालुक्यात एकच झाली. ती मी.

मी सावंतवाडीकडची. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. नवरा वास्कोला बंदरात नोकरीला, फक्त शनिवारी उगवायचा. घरात सासूबाई, सासरे म्हणजे आबा, आणि आबांची पोर्तुगीज अमदानीतली विलायती मोटार. गोव्याचं तेव्हा नुकतंच राज्य झालं होतं आणि कोकणी की मराठी यावरून घरोघर जुंपलेली असायची. (मराठीच हवी, हे आबा अस्सल कोकणीत ओरडून सांगत!) पण मोटारीचा विषय निघाला की आबा सगळे वाद विसरत. तिच्यावर त्यांचा आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जीव होता.

तर या मोटारीचे ब्रेक झिजले. नवे सुटे भाग मिळण्याची आशाच नव्हती, म्हणून जुन्याच ब्रेकशूंना नवं लायनिंग ठोकायचं ठरलं. डिचोलीच्या गोपी मेस्तानं, म्हणजे गाड्यांच्या मिस्त्रीनं, ट्रकच्या लायनिंगमधून पट्ट्या कापल्या, घासून घासून मापात आणल्या आणि रिबिटांनी ठोकल्या. आबा आठ दिवस त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ते आठ शू घेऊन घरी आले आणि देवासमोरच्या पाटावर ओळीनं मांडले. उद्या पूजा, परवा बसवायचे.

सासूबाईंनी मला हाक मारली. "गो, पूजेचें सगळें लोखंड पुसून ताका मातशें तेल लाय. गंज धरता."

सासरचा पहिला दसरा! मी पदर खोचला. आदोळी म्हणजे विळी, कोयता, कुदळ, सगळ्यांना तेल लावलं आणि शेवटी त्या अर्धचंद्री शूंकडे वळले. त्यांच्या पाठीवरची करडी पट्टी किती कोरडी, किती खरखरीत! तेल लावलं की गडप. पुन्हा लावलं, पुन्हा गडप. मला अगदी दया आली. माहेरी बहिणीच्या केसांना जिरवायचे तसं मी बोटांनी चोळून चोळून तीनदा तेल जिरवलं. मग हळद-कुंकू.

दसऱ्यानंतर आबांनी हळद-कुंकू पुसलं, शू उजेडात धरले आणि खूश होऊन म्हणाले, "पळय, मेस्तान पॉलीश कितें मारलां!" मी लाजून काहीच बोलले नाही. (स्तुती ऐकताना गप्प बसावं, हे माझं माहेरचं वळण. गेलं चुलीत ते वळण!) आठ दिवस बघून शिकलेल्या आबांनी ते शू स्वतःच बसवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खांडोळ्याला आबांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे निघालो. वाटेत मेस्ताला गाडी दाखवायची होती. ती त्याच्या दुकानापुढे वीस पावलं जाऊन थांबली. आबा म्हणाले, "ब्रेक कसो मऊ लागता!"

"नवें लायनिंग बसूंक दोन दीस लागतात," मेस्त म्हणाला. "पूण आबा, एक गजाल लक्षांत दवरा. ताका तेलाचो थेंबय लागूंक जायना. लागलो जाल्यार गाडी थांबची ना!"

"तेल? म्हज्या घरांत इतलें पिशें कोण आसा?" आबा खो खो हसले.

ते पिशें, ते खुळं, मागच्या सीटवर बसलं होतं. थेंब? मी अर्धी बाटली जिरवली होती! सांगावं तर नवी सून, सासऱ्यांची लाडकी मोटार. न सांगावं तर पुढे आमोण्याचा फेरीधक्का, जिथे गाडी फेरीबोटीवर चढवायची. धक्क्याचा उतार, उताराखाली मांडवी नदी, आणि मला पोहता येत नव्हतं. त्यात पुढे पाळीच्या खाणीवरचा ट्रक धूळ उडवत चाललेला. तो थांबला की माझा श्वास थांबायचा.

शेवटी मी म्हटलं, "आबा, गाडी थांबवा. माका कसासाच होता."

सासूबाई गर्रकन वळल्या. "ओकारी येता?"

"हय!"

"सकाळींच? आनी आंबट खावचें दिसता?"

कुठल्या का निमित्तानं होईना, गाडी थांबू दे, म्हणून मी ओरडले, "हय! आत्ताच्या आत्ता!"

सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला, की माझी चूक मला त्याच क्षणी कळली. "अहो, आयकलें? नातू येता!"

"कितें सांगता!" आबांचा ऊर भरून आला. "अक्काक पयली खबर आमी दिवंया!" आणि आनंदाच्या भरात त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

पुढची दहा मिनिटं मी डोळे मिटून रवळनाथाला नारळ कबूल करत होते. डोळे उघडले तेव्हा धक्का समोर होता. आबांनी ब्रेक दाबला. गाडी चालली. पुन्हा दाबला. गाडी आणखी चालली! खाली खलाशी हात नाचवत होता. "ब्रेक मार रे! ब्रेक मार!"

"मारतां मरे!"

"आबा!" मी किंचाळले. "ब्रेकाक त्याल लावलंय! मीच!"

आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी चक्र डावीकडे फिरवलं, गाडी उतार सोडून काठाच्या चिखलात घुसली आणि चारी चाकं रुतवून बसली. पाणी दोन हातांवर होतं.

सगळे शाबूत होते. मी रडायला लागले. आता माहेरी पाठवणार, याबद्दल मला शंका नव्हती. आबा चिखलात उतरले, नाक वर करून त्यांनी तापल्या खोबरेलाचा वास घेतला, आणि माझ्याकडे बघून इतक्या मायेनं म्हणाले, "रडूं नाका गो. ह्या दिसांनी बायलांचें डोकें थाऱ्यार रावना."

सासूबाईंनी तर सगळ्या धक्क्याला बातमी दिली. खलाशांनी खुर्ची आणली, चौघांनी मला उचलून काठावर नेलं. सासू-सासरे घोटाभर चिखल तुडवत मागून आले. खुर्चीवर बसल्या बसल्या मला कळलं की मला मिळालेली माफी एका नसलेल्या बाळाच्या नावावर आहे.

मेस्तानं सगळं लायनिंग पुन्हा केलं. आठ दिवस लागले. तेवढे दिवस मला आवळे, कैरीचं लोणचं, दूध, वरून लाड. गाडी दारात आली त्या दिवशी मी आबांसमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. बाळ नाही. नव्हतंच. मी घाबरून हो म्हटलं होतं.

आबा रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मनापासून न उमगून मला विचारलं,

"मगीर तेल कित्याक लायलें गो?"

आज मला स्वतःला सून आहे. त्या 'मग कशाला?'चं उत्तर मी अजून शोधतेय.